राखणदाराचा वाटा

दादा गावाहून सहा आठवड्यांसाठी इंग्लंडला, माझ्याकडे बेसिंगस्टोकला आला, तेव्हा मी त्याच्यासाठी यादी करून ठेवली होती. लंडनमधले दोन पूल, एक म्युझियम, एक किल्ला आणि समुद्र. कुठे लिफ्ट आहे, कुठे रॅम्प आहे, टॉयलेट किती लांब आहे, हे सगळं वेबसाइटवर बघून शेजारी लिहिलं होतं. दादाने यादी नीट वाचली, घडी घातली आणि चहाच्या कपाखाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही फार्म शॉपमध्ये अंडी आणायला गेलो. तिथे मटणाच्या काउंटरवर गडद लाल तुकडे मांडले होते. हे कशाचं, असं त्याने विचारलं. हरणाचं, मी सांगितलं.

"आन् असं उघड्यावर इकत्यात?"

"इथे चालतं. हरणं फार झाली की झाडं राहत नाहीत, म्हणून मारावी लागतात. स्कॉटलंडमध्ये तर लोक हौसेने येतात शिकारीला."

"आपल्याकडं जेल हाय त्याला."

"इथे बुकिंग आहे."

दोन दिवसांनी दादा जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाला, "साहेब, ते किल्ले-बिल्ले ऱ्हाऊ द्या. मला शिकारीला न्या."

दादा मला साहेब म्हणतो तेव्हा समजायचं, की आता वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय तो काय मागतोय, ते मला बरोबर माहीत होतं.

दादाला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. उजवा पाय गेला. आठ वर्षांचा होईपर्यंत तो गावभर सरपटत फिरायचा. मग जिल्ह्याच्या कॅम्पात त्याला कॅलिपर मिळाला, लोखंडी पट्ट्यांचा, खाली बूट जोडलेला. सातवीपर्यंतची शाळा गावात होती. हायस्कूल ओढ्यापलीकडे, पाच किलोमीटरवर. दादा सातवीला पहिला आला आणि घरी बसला. मी काठावर पास झालो आणि चालत हायस्कूलला गेलो. आमच्या घराण्यात पहिली डिग्री माझी आहे. हे सांगायला मी लाजत नाही. ती फ्रेम करून लाउंजमध्ये लावली आहे. दादाने आल्या आल्या ती जवळून पाहिली आणि म्हणाला, "काच चांगली बसवलीय."

शिमगा झाला की गावातली माणसं डोंगरात शिकारीला जायची. ससा मिळायचा, कधी डुक्कर. आवाज नको म्हणून चपला पायथ्याला म्हसोबाच्या दगडापाशी काढून अनवाणी चढायचं, ही आमची रीत. दादा वर निघाला की त्याला मागे फिरवून त्या चपला आणि भाकऱ्यांची गाठोडी राखायला बसवायचे. संध्याकाळी वाटे पडायचे. जो चढला त्याला पूर्ण वाटा. कुत्र्याला अर्धा. राखणदाराला अर्धा. मी नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा वर गेलो, पत्र्याचा डबा बडवला आणि पूर्ण वाटा घेऊन घरी आलो. दादाचा अर्धा शेजारी होता. आईने दोन्ही एकाच पातेल्यात शिजवलं. त्या दिवशी दादाने नुसत्या भाकरीवर जेवण केलं.

म्हणून मी बुकिंग केलं. आणि बुकिंगबरोबर ईमेल लिहिला. हापिसात माझ्या ईमेलचं नाव आहे. दादाचा पाय, त्याचं वय, त्याच्या गरजा, त्याला कशाकशाची सोय लागेल, याचे मुद्दे पाडून मी दोन पानं लिहिली. बायकोने वाचलं आणि विचारलं, "हे दादांना दाखवलंस?"

"इंग्रजीत आहे."

"ते मी विचारलंच नाही," ती म्हणाली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही विमानाने एडिनबराला आणि तिथून भाड्याच्या गाडीने उत्तरेला गेलो. सकाळी कॉटेजच्या दारात आमचा वाटाड्या उभा होता. हरणांच्या मागावर न्यायचं आणि कुठलं मारायचं ते ठरवायचं, हे त्याचं काम. लोकरीचा कोट, पिळदार मिशा, गाल टोमॅटोसारखे. दादाने त्याला बघताक्षणी पाटील करून टाकलं. त्याची इंग्रजी मला तीनदा ऐकून कळायची. दादाला इंग्रजी येतच नाही, त्यामुळे त्याला काही अडचण नव्हती.

पाटलाच्या मागे एक जाडजूड, करड्या रंगाचं घोडं उभं होतं.

"हे कशापायी?" दादाने विचारलं.

"तुला वर न्यायला."

दादा घोड्याभोवती एक फेरी मारून आला. खोगिरावर माणूस बसेल अशी जागा नव्हती. सगळे पट्टे आणि लोखंडी कड्या. चामड्यावर काळपट डाग होते. त्याने डागावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी पाटलाला विचारलं. मारलेलं हरीण यावरून खाली आणतात, पाटील म्हणाला. मी ते मराठीत सांगितलं, आणि सांगतानाच मला वाटलं, सांगायला नको होतं.

"म्हंजे मेलेलं ज्याच्यावरनं येतं, त्याच्यावर मी जित्तेपणी बसू?"

"दादा, दोन तासांचा चढ आहे."

"मग तू बस. तुझ्याकडं डिग्री हाय."

पाटलाने खिशातून माझ्या ईमेलची छापलेली पानं काढली. चष्मा लावला, एका ओळीवर अंगठा ठेवला आणि वाचून दाखवलं, की पाहुण्यांना ओबडधोबड जमिनीवरून नेऊ नये. मग त्याने मान वर करून समोरच्या डोंगराकडे बराच वेळ पाहिलं. पानं परत खिशात घातली. पुढे दुपारी त्याने त्यांच्यावर सँडविच ठेवून खाल्लं.

आधी नेमाची चाचणी असते. नेम नसलेल्याला ते वर नेत नाहीत, कारण अर्धवट लागलेलं जनावर हालहाल होऊन मरतं. शंभर मीटरवर कागद लावला. दादा पोटावर आडवा झाला, श्वास सोडला आणि बार काढला. गोळी मधल्या ठिपक्याच्या डावीकडे चार बोटं लागली. दुसरीही डावीकडे, जवळपास पहिल्याच भोकातून. पाटील बुचकळ्यात पडला. एवढा सरळ हात आणि एवढा वाकडा नेम त्याने पाहिला नव्हता. तो खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून बंदुकीवरची दुर्बीण पिळायला लागला.

"त्येला थांबीव," दादा म्हणाला. "बंदूक बरोबर हाय. मीच चोरावाणी नेम धरतोय."

इथे सांगायला हवं, की दादाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पण बरीच वर्षं तो जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावायचा. गिऱ्हाईक फार जिंकू नये म्हणून त्या एअरगनच्या नळ्या त्याने स्वतःच्या हाताने वाकवलेल्या होत्या. सगळ्या उजवीकडे. तो स्वतः डावीकडे धरायचा आणि एका दमात अख्खी रांग फोडून दाखवायचा, गिऱ्हाइकांना जोर यावा म्हणून. सरळ नळीची बंदूक त्याच्या हातात आज पहिल्यांदा आली होती.

मी हे पाटलाला समजावलं. नळी वाकवल्याचा भाग गाळला, तर गोष्टच उभी राहीना, म्हणून तोही सांगितला. पाटील खदाखदा हसला. त्यांच्याकडच्या जत्रांतही तसंच असतं म्हणाला, आणि लहानपणी आपण एका टेडी बेअरपायी किती वर्षं लुटले गेलो तेही सांगितलं. तिसरी गोळी ठिपक्याच्या मधोमध बसली.

"सरळ नळीची सवय न्हाई, दुसरं काय," दादा म्हणाला.

निघताना पाटलाने हवेत नाक वर केलं. मग दादाच्या पायाकडे वाकून हुंगलं. सकाळी मी दादाच्या पायाला महानारायण तेल चोळलं होतं. चढ आहे म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट. वारा आमच्या पाठीमागून वर जात होता. हा वास आज नॉर्वेपर्यंत पोचेल, पाटील म्हणाला, हरणांचं तर सोडाच. त्यामुळे सरळ वाट सोडून डोंगराला वळसा घालून वाऱ्याच्या तोंडी जावं लागणार होतं. एक तास जास्त.

"घोडं अजून आहे," मी म्हणालो.

"तेल कोणी चोळलं?" दादा म्हणाला.

मी त्यानंतर घोड्याचा विषय काढला नाही. पाटलाच्या शिट्टीवर ते घोडं आपलं आपण मागे येत राहिलं.

दादा गुडघ्यावर हात दाबून चालतो. शंभर पावलं चालला की थांबतो, दम घेतो, पुन्हा शंभर. पाटील तेवढ्या वेळात दुर्बिणीतून पलीकडचा उतार बघायचा. त्याला थांबणं आवडत असावं. थांबायचा वेळ मात्र मला पुरत नव्हता. मी या दिवसासाठी नवे बूट घेतले होते आणि दोन्ही टाचांना फोड आले होते. पलीकडून नर ओरडत होता. घसा बसलेल्या बैलासारखा आवाज. हे त्यांचे माजाचे दिवस.

"कुणाचं लगीन हाय?" दादाने विचारलं.

शेवटच्या उंचवट्याआड पाटलाने हात खाली दाबला. आम्ही बसलो. दोनशे मीटर पुढे खडकाळ भाग, तिथून नेम धरायचा. तिथपर्यंत पोटावर सरकत जायचं. एक म्हातारा नर आहे, मागच्या हिवाळ्यात कसाबसा वाचलेला, तोच घ्यायचा. मग त्याने दादाच्या कॅलिपरकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या कानाला हात लावला. लोखंड दगडावर वाजलं की संपलं.

झालं, असं मला वाटलं. इथवर आला आणि इथे संपलं. पाटलाला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो.

तोवर दादाने पट्टे सोडले होते. कॅलिपर बुटासकट पायातून काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि पालथा झाला. कोपर पुढे, कंबर जमिनीला, डावा पाय रेटा द्यायला, उजवा मागे ओढत. गवत हललं तेवढंच. आठ वर्षांचा असताना आमच्या अंगणातून तो असाच जायचा, आणि त्याला कोणी धरू शकत नव्हतं. पाटील जन्मभर हेच काम करतोय. तरी त्याला दादाच्या बरोबरीने राहायला जोर काढावा लागला.

मीही त्यांच्या मागे निघालो, कॅलिपर काखेत धरून. दहाएक मीटर गेलो असेन. पाटील मागे वळला, माझ्यापर्यंत सरकत आला आणि फार सभ्यपणे माझ्या कानात म्हणाला, सर, तुमचा पार्श्वभाग पलीकडच्या दरीतून दिसतोय. मी खाली केला. तो म्हणाला, अजून दिसतोय. मग त्याने आपली काठी, दोन्ही बॅगा आणि स्वतःची टोपी माझ्याजवळ दिली, आणि मी परत उंचवट्याआड जाऊन बसलो.

त्या डोंगरात पाणी वरून येतं तसं खालूनही येतं. पाचव्या मिनिटाला पॅन्ट गार झाली. एक मेंढी माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिला हळूच इंग्रजीत जा म्हणालो. गेली नाही. कॅलिपर मांडीवर होता, अजून कोमट. मी तो जन्मात पहिल्यांदा उचलला होता. मला वाटायचं त्यापेक्षा बराच जड होता. मी उगाच बुटाच्या लेसची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

एकच बार झाला. मेंढी पळाली. मग बराच वेळ काही नाही, आणि मग पाटलाची शिट्टी.

मी सगळं सामान उचलून धावलो. आता लोखंड वाजलं तरी चालत होतं. दादा खडकाला टेकून बसला होता, कोपरांपर्यंत चिखल. साठ-सत्तर मीटरवर तो नर आडवा पडला होता, सांबराएवढा. जागच्या जागी.

"हललं न्हाई," दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "बरं झालं हललं न्हाई."

पहिल्या शिकारीला तिथे रक्त गालाला लावायची रीत आहे. पाटील बोट बुडवून आला, तसं दादाने सवयीने कपाळ पुढे केलं. पाटील क्षणभर थांबला आणि गंध लावावं तसं कपाळाला लावलं.

"नारळ हाय का रं?"

नारळ कुठला. बॅगेत फ्लॅपजॅक होतं, ओट्सच्या गोड वडीसारखं. दादाने त्याचा तुकडा मोडून खडकावर ठेवला आणि हात जोडले. पाटलाने माझ्याकडून टोपी मागून घेतली, डोक्यावर घातली आणि लगेच काढून हातात धरली.

खाली येताना हरीण घोड्यावर होतं. दादा कॅलिपर घालून शेजारून चालला. "आता कसं शोभतंय," तो घोड्याला म्हणाला.

हरीण तिथल्या मालकाचं असतं. पण पाटलाने कलेजी आणि मागच्या पायाचा मोठा तुकडा आम्हाला दिला. कॉटेजच्या ओट्यावर दादा सुरी घेऊन उभा राहिला. बेसिंगस्टोकहून आणलेला कांदा-लसणाचा मसाला मी बाहेर काढला. त्याने तीन वाटे घातले. एक पाटलासाठी, कागदात गुंडाळून. एक स्वतःपुढे ओढला. तिसरा सुरीच्या पात्याने माझ्याकडे सरकवला. तो बरोबर अर्धा होता.

"हे काय?"

"राखणीचा."

"दादा, मी बुकिंग केलं. मी गाडी चालवली. मी इंग्रजी बोललो."

"शेवटपर्यंत चढला न्हाईस."

"मागे फिरवलं मला."

"मला बी फिरवायचे," दादा म्हणाला, आणि कांदा चिरायला घेतला.

मी दोन पातेली काढायला लागलो. दादाने त्यातलं एक परत ठेवलं.

"एकातच शिजव," तो म्हणाला. "आन् आज मी खाणार हाय."