आमच्या साडूंचं गलबत

देवाने जगातल्या सगळ्या वस्तू सरळ घडवल्या ही देवाची हौस झाली, पण वस्तूची खरी जागा तिच्या खड्ड्यात असते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि ते नेमके माझे साडू निघाले. साडू हे नातं निवडून मिळत नाही. दोन बहिणींनी वेगवेगळ्या वेळी केलेल्या दोन चुका एकमेकांसमोर बसवल्या की त्यांना साडू म्हणतात. आमचे हे थोरले साडू वाणगावहून समुद्राकडे गेलं की लागणाऱ्या एका गावात राहतात. त्या पट्ट्यात कधीकाळी घरटी एक माणूस डाय कोरत असे. डाय म्हणजे दागिन्याचा पोलादी साचा. पोलादाच्या ठोकळ्यात बारीक छिन्नीने मोर, पान, कोयरी असं काहीतरी उलटं आणि खोल कोरायचं. मग मुंबईत कुणीतरी त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकतो आणि मोर सुलटा होऊन वर येतो. मोर सोनाराचा, खड्डा साडूंचा. उभी हयात साडूंनी असे खड्डे केले आणि त्यातून वर आलेला मोर त्यांनी क्वचितच पाहिला असेल.

यावर त्यांनी स्वतःपुरता एक उपाय काढला होता. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम मेणाचा गोळा असे. कोरताना मधूनमधून तो खड्ड्यात दाबायचा, काढायचा आणि डोळ्याशी धरून ठसा कसा उठतोय ते बघायचं, ही धंद्याची रीत. पण धंद्याची रीत घरात शिरली की तिला धरबंध राहत नाही. साडू आमच्या घरी आले की चहा येईपर्यंत खुर्चीच्या नक्षीचा ठसा घेत. नवीन नाणं दिसलं, घे ठसा. देवळाच्या दाराचं पितळी कमळ, घे ठसा. स्वतःच्या घरी मेण संपलं तर स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा उचलत. माझी थोरली मेव्हणी, म्हणजे आमची ताई, त्याच कणकेच्या पोळ्या लाटे, आणि पाठीवर अर्धवट मोर उमटलेली पोळी मी त्या घरात पाहुणा म्हणून कित्येकदा खाल्ली आहे. मोराची बाजू जरा कच्ची राहते, एवढाच काय तो दोष.

लग्नाकार्यात त्यांना नेणं म्हणजे जिवाला घोर. शिरगावच्या एका लग्नात वरमाय अंगभर दागिने घालून मिरवत होत्या. साडू त्यांच्याभोवती दोनदा फिरले, तिसऱ्यांदा थांबले आणि त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन भर मांडवात म्हणाले, "ह्यो खड्डा माजा हाय." वरमायला काय वाटलं असेल ते देव जाणे. आमच्या ताईने हात धरून त्यांना पंगतीकडे ओढलं आणि जेवताना हळूच मला म्हणाली, "बगा भावजी, गावच्या बायांच्या कानात ह्यांची डाय. माज्या कानात काय हाय? माज्या बापानं घातलेल्या कुड्या." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डाय व्यापाऱ्याची, दागिना सोनाराचा, आणि घरात उरायचा तो पोलादाचा चुरा. तोही ताईच झाडून काढायची.

उलटं कोरून कोरून साडूंची डावी-उजवी बाजूसुद्धा अदलाबदल झाली होती. वाट विचारणाऱ्याला ते अत्यंत आपुलकीने, हातातलं काम टाकून, चुकीची वाट सांगत. गावातल्या लोकांना सवय होती. साडू "डावीकडं" म्हणाले की ते मुकाट्याने उजवीकडे वळत. पण परगावच्या माणसाला हे कसं कळावं? लेकीच्या लग्नात व्याह्यांच्या गाडीने फोन करून वाट विचारली आणि साडूंनी स्वतः सांगितली. मुहूर्ताच्या वेळी नवरी मांडवात आणि नवरदेव वाणगाव स्टेशनच्या बाहेर फेटा सांभाळत उभा. "मी बरोबरच सांगितलेलं," साडू आजही म्हणतात, "त्येनी उलटं ऐकलं."

असा हा हसता-खेळता माणूस मध्यंतरी गप्प झाला. डाय संगणकावर आखून यंत्राने कापायला लागले. यंत्राला डोळे दुखायचा त्रास नाही आणि ते मेणही मागत नाही. हळूहळू व्यापाऱ्याचे फोन थांबले. एका सकाळी साडूंनी छिन्न्या पुसून ओळीने ठेवल्या आणि कामाच्या टेबलावर ताईच्या जुन्या लुगड्याचं फडकं घातलं. मग ते ओटीवर बसून चिकूच्या झाडांकडे बघत राहायला लागले. खिशातलं मेणही गेलं. पोळ्या सपाट यायला लागल्या आणि त्या खाताना आम्हाला चोरट्यासारखं व्हायला लागलं.

त्यांची लेक बोईसरला दिली आहे. तिथल्याच एका कारखान्यात ती संगणकावर यंत्राच्या भागांची ड्रॉइंग काढते. बापाचं काम ज्या जातीच्या यंत्राने नेलं, त्याच जातीच्या यंत्रावर लेकीचं पोट, हे त्या घरात कुणी बोलत नसे आणि कुणी विसरतही नसे. थंडीच्या दिवसांत तिने एक खोकं मागवलं. आत लाकडी शिडाच्या गलबताचे सुटे भाग होते: फासळ्या, काडीसारख्या पट्ट्या, दोरा, बोटाच्या पेराएवढ्या पितळी तोफा आणि एक भलामोठा नकाशा. झाकणावर तयार गलबताचं चित्र. "बाबा, हे जोडायचं असतं," ती म्हणाली. साडूंनी झाकण बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "म्हंजे ह्ये उभं ऱ्हातं?" राहतं म्हटल्यावर ते उठले, टेबलावरचं फडकं काढलं आणि घडी करून खुंटीला टांगलं. मला नंतर एकट्याला म्हणाले, "साडूभाऊ, आयुष्यभर खड्डं केलं. एक तरी वस्तू उभी करायची हाय. लोकांनी समोरून बगावी अशी."

त्या दिवसापासून ताईने मला दर रविवारी बोलवायला सुरुवात केली. मी पालघरशेजारच्या कोळगावच्या सरकारी कचेरीत कारकून असल्यामुळे न कळणाऱ्या कागदाचा अर्थ लावणं हे माझंच काम, असं दोन्ही बहिणींचं मत होतं. प्रत्यक्षात मी पालघरहून स्कूटर हाकत जात होतो तो ताईच्या उकडहंडीसाठी. मडक्यात वाल, कोनफळ, रताळी भरून वाडीत जाळ घातला की कुठलाही नकाशा मला सोपा वाटतो.

गलबताने घराचा ताबा घेतला. पट्ट्या वाकवायच्या तर आधी गरम पाण्यात भिजवाव्या लागतात, म्हणून त्या ताईच्या भाताच्या पातेल्यात जाऊन पडल्या. डिंक वाळेपर्यंत दाबून धरायला कपड्यांचे सगळे चिमटे गेले. दोरीवरचे कपडे मग खाऱ्या वाऱ्याने शेजारच्या वाडीत उडायचे आणि साडूंचा लेंगा चिकूच्या झाडावरून काढून आणायला ताई जायची. ती कुरकुर करी, पण मी घरी निघालो की फाटकाशी येऊन हळूच सांगे, "काल खिशात मेण सापडलं." अशा आनंदाने सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, नातू झाला.

साडूंची पद्धत मात्र जुनीच. नकाशावर पातळ कागद ठेवून रेघ न् रेघ गिरवायची, मग तो कागद पालथा घालून लाकडावर चिकटवायचा आणि त्याबरहुकूम तोफा, शिडी, नांगर, छोटी होडी जागच्या जागी बसवायची. हात असा चाले की बघत राहावं. फक्त कंपनीवर त्यांचा राग होता. लाकडात कंपनीने आधीच बारीक भोकं पाडून दिली होती, आणि ती नेमकी चुकीच्या बाजूला! साडू ती भोकं एकेक करून लाकडाच्या भुशाने बुजवत आणि पलीकडच्या बाजूला नवी पाडत. "येवढी मोटी कंपनी," ते हळहळत, "पन डावं-उजवं कळत नाय." मीही मान डोलवून "हल्ली कशात राम राहिला नाही," असं म्हणत असे. वाचकांच्या एव्हाना सगळं लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही. माझं अर्धं लक्ष वाडीतल्या जाळाकडे असायचं, आणि साडूंनी तर उभ्या जन्मात कागद पालथा घातल्याशिवाय काम केलेलं नव्हतं.

काम पुरं होईतो लेकीने बघायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. दिवाळीच्या तोंडावर शिडं चढली, शेवटच्या दोऱ्याला गाठ बसली, आणि फराळाला हातभार लावायला म्हणून ती आली तेव्हा साडूंनी तिला हाताला धरून टेबलापाशी नेलं. गलबत होतंही तसं देखणं. लेक टाळ्या पिटत एका बाजूने गेली, दुसऱ्या बाजूने आली, झाकणाकडे बघितलं, परत गलबताकडे बघितलं आणि हसत म्हणाली, "बाबा, होडी चित्रात या बाजूला आहे." मग शिडीकडे बघितलं, नांगराकडे बघितलं, शिडांच्या तिरक्या वळणाकडे बघितलं. दिवसभर ड्रॉइंग वाचणारी पोर. तिला एका क्षणात कळलं. "अगंबाई, सगळंच उलटं झालंय," ती म्हणून गेली आणि बापाचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. साडू फक्त "हां" म्हणाले. खुंटीवरचं फडकं काढून त्यांनी गलबतावर घातलं आणि ओटीवर जाऊन बसले. "छान झालंय बाबा, कुणाला कळणारही नाही," असं लेक रडवेली होऊन परोपरीने सांगत होती. पण ज्याला कळायला नको होतं त्याला कळलं होतं.

ताईचा मला फोन आला. इकडचं तिकडचं काही न बोलता ती म्हणाली, "भावजी, फडकं परत घातलंय."

मी रविवारची वाट न पाहता गेलो. दिवाळीसाठी बाहेरच्या खोलीला रंग द्यायचा होता आणि रंगारी टेबल हलवायला सांगत होता. साडू वाडीत पाठमोरे बसलेले, कशाला हात लावायला तयार नाहीत. शेवटी गलबत उचलून आतल्या खोलीत नेण्याची कामगिरी माझ्या गळ्यात पडली. आयुष्यात मी लग्नाच्या वेळीसुद्धा इतका जपून चाललो नसेन. आत पलंगावर डबे, पेटीवर गाद्या. मोकळी जागा एकच, ताईच्या आरशाचं टेबल. तिथे मी ते एकदाचं टेकवलं आणि फडकं बाजूला केलं. मागून ताई खोक्याचं झाकण घेऊन येत होती. ती दारातच थांबली. हातातल्या झाकणाकडे बघितलं, आरशात बघितलं, परत झाकणाकडे बघितलं. मग तिने अशी हाक मारली की रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला.

"अवो, हिकडं या! आदी हिकडं या!"

साडू आले ते कपाळाला आठ्या घालूनच. ताईने काही समजावून सांगितलं नाही. झाकण आरशाला लावून धरलं आणि म्हणाली, "बगा." झाकणावर गलबत होतं, आरशात गलबत होतं. होडी त्याच बाजूला, शिडी त्याच बाजूला, शिडं त्याच वाऱ्याने कललेली. तसूभर फरक नव्हता. साडू वाकून बघत राहिले. त्यांचा हात खिशात गेला, मेणाचा गोळा बाहेर आला आणि बोटं तो मळायला लागली.

"मंग?" ते अखेर म्हणाले आणि आमच्याकडे वळले तेव्हा आठ्या गेल्या होत्या. "डायकडं बगून कुनी डाय पास करतो काय? ठसा बगायचा! पोरीला फोन लावा. म्हनावं, बापाचा ठसा सुलटा हाय." मग जरा वेळाने, झाकणावर बोट फिरवत, आवाज उतरवून म्हणाले, "कंपनीची भोकं बरोबर व्हती रं साडूभाऊ."

त्यानंतर गलबत तिथून हललेलं नाही. गावातली माणसं बघायला येतात. साडू त्यांना अगोदर आरशात बघायला लावतात आणि मग मूळ वस्तू दाखवतात. लेकीने दुसरं खोकं मागवलंय. या वेळी कागद पालथा घालायचा नाही, अशी तिने शपथ घातली आहे आणि बापाने ती घेतलीही आहे. हात ऐकतो का ते बघायचं. टेबलावरचं फडकं आता ताईच्या ओट्यावर तवा उतरवायला आहे. पोळीवर परवा नांगर उमटला होता.

अडचण एवढीच, की ताईला आरसा राहिला नाही. सणावाराला तयार व्हायचं तर ती गलबतापुढे वाकते, दोन डोलकाठ्यांच्या मधून स्वतःला शोधते आणि शिडाआडून अंदाजाने टिकली लावते. परवा निघताना मी म्हटलं, "ताई, दुसरा एखादा आरसा घ्या की." ती डोलकाठीवरची धूळ पदराच्या टोकाने टिपत होती. म्हणाली, "नको भावजी. लोकांच्या अंगावर ह्यांचं लय बगितलं. ह्ये पैलं हाय, जे माज्या घरात ऱ्हायलं. टिकली काय, वाकडी तर वाकडी." आणि ती वळली तेव्हा टिकली खरंच थोडी एका बाजूला सरकलेली होती. डावीकडे की उजवीकडे, ते मला विचारू नका. त्या घरात ते अजून ठरायचं आहे.