पोट, सिझेरियन आणि दुसरा सव्वा महिना
"अगं, हे काय काढून ठेवलंयस?" इरफानने विचारलं.

समोर माझ्या पेशंटचं, वैशालीचं, नऊ महिन्यांचं भरलेलं पोट आणि त्यावर मी मार्करने मोठ्या झोकात आखलेल्या रेघा. इरफान माझा बॅचमेट, नांदेडचा प्लास्टिक सर्जन. त्याला मी लातूरला बोलावलं होतं टमी टकसाठी, म्हणजे पोटाची लोंबणारी कातडी काढून सैल स्नायू आवळून शिवायला. ते सिझेरियनसोबतच उरकायचंय, हे फोनवर सांगितलं नव्हतं. म्हटलं, प्रत्यक्ष बघून थक्क होईल. झालाच.

"बाळ बाहेर आल्यावर या रेघा कुठं जातील?"

इतकी वर्षं सिझेरियन करतेय, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. गादी भरलेली असताना खोळ किती आत घ्यायची, हे कसं ठरवणार? कातडी पुढे कितीतरी महिने आकसत जाते. शिवाय बाळंतपणात रक्त आधीच बरंच जातं, एवढी मोठी जखम चिघळण्याची भीती, पायात गुठळ्या होण्याची भीती. हे सगळं मी ज्युनिअर्सना दरडावून शिकवते. पण दोन्ही एकदम करतात, असं कॉन्फरन्समध्ये चहा पिताना कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि लातुरात हे पहिलं आपणच करायचं, असं डोक्यात बसलं होतं.

इरफान बाहेर गेल्यावर वैशालीला सांगायला बसले. ती किल्लारीकडची, शेतकरी घरातली. पहिल्या खेपेला जुळी झाली, तेव्हापासून पोटाचे स्नायू फाकलेले आणि कंबर धरलेली.

"आज फक्त सिझेरियन. पोटाचं वर्षभराने बघू."

तिचे डोळे भरून आले. "वर्षानं मला कोण पडून ऱ्हाऊ देईल, मॅडम? बाळंतिणीला सव्वा महिना कुणी घागर उचल म्हणत न्हाई. म्हणून तर आत्ताच करा म्हणलं."

टमी टकनंतरही महिना-दीड महिना वजन उचलायचं नसतं. तिने नीट विचार केला होता. मी हौसेने हो म्हणताना कारणही विचारलं नव्हतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

सिझेरियनमध्ये मुलगी झाली, छान रडली. पण गर्भाशय लवकर आवळेना. बरंच रक्त गेलं, दोन पिशव्या द्याव्या लागल्या. इरफान शेजारी उभा होता. दुसरी पिशवी त्यानेच लावली. 'सांगितलं होतं ना' म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

वर्ष उलटल्यावर मीच वैशालीला फोन करून सासूबाईंसह बोलावलं. कागदावर स्नायू काढून समजावत बसले. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पट्टा बांधून जमत न्हाई का?"

"नाही, मावशी. ऑपरेशनच लागेल. आणि नंतर सव्वा महिना हिला बाळंतीण समजायचं."

"मंग आधीच तसं बोलायचं की. बाळंतिणीचं मला समदं कळतंय. बाजेवरून उतरू द्यायची न्हाई."

नांदेडला इरफानने ऑपरेशन केलं. सासूबाईंनी सव्वा महिना तिला लेकरूसुद्धा उचलू दिलं नाही. वैशाली ताठ चालत दाखवायला आली, तेव्हा मला तिच्याइतकाच आनंद झाला.

"घरच्यांना कसं पटवलंस?" इरफानने विचारलं.

पाचच मिनिटं लागली, हे सांगायची मला लाज वाटली. आता ऑपरेशनची तारीख देण्याआधी मी एवढंच विचारते, घरी पाणी कोण भरणार?