काचेमागचा पुढारी

मावशीला भाषणरावाचा तिटकारा होता, आणि तो तिने कधी लपवला नाही. भाषणराव म्हणजे तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. कापडगिरणीत बत्तीस वर्षं मागांपुढे उभं राहून तिने त्याला शिकवलं. आपले कान गेले तसे त्याचे जाऊ नयेत म्हणून मागांच्या खात्यात त्याला पाऊलही टाकू दिलं नाही. शिकून तो गिरणीच्या कचेरीत चिकटला, चार पुस्तकं वाचली आणि एकदम कामगारांचा पुढारी झाला. उंटावरून शेळ्या हाकायला माग चालवता यावा लागत नाही.

"मावशी, आता सगळे समान!" तो जेवताना ओरडायचा.

"मग स्वतःचं ताट तरी उचल," ती म्हणायची. ताट तिथंच राहायचं.

ओरडलं की म्हातारीला ऐकू येतं, अशी त्याची समजूत. खरं तर ती ओठ वाचायची. मागांच्या खडखडाटात सगळ्याच बायका तशा बोलत. सासूची गाऱ्हाणी, बाळंतपणं, शिव्या, सगळं बिनआवाजी, चाळीस पावलांवरून. पण आपली माणसं बोलतात कशी, याची चौकशी पुढाऱ्याने कशाला करावी?

मग आपोआप चालणारे माग यायचं ठरलं. साठ बायका जास्तीच्या होणार होत्या. काम गेलं की गिरणीने दिलेली खोलीही जाणार, म्हणून मावशीची झोप उडाली होती. भाषणरावाने पिंपावर चढून शपथ घेतली, "एकही बाई घरी बसणार नाही!" टाळ्या पडल्या. मावशीने वाजवल्या नाहीत.

मॅनेजरला सगळ्यांवर नजर ठेवता यावी म्हणून त्याच्या खोलीला खात्याच्या बाजूने मोठी काच होती. बुधवारी दुपारी भाषणराव तिथे, काचेकडे तोंड करून, ऐटीत चहा पीत बसला होता. मावशीने मान वर केली.

"साठ काढा," त्याचे ओठ म्हणाले. "माझ्या मावशीपासून सुरुवात करा. म्हणजे माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही."

तिने माग थांबवला. ह्याच्यासाठी कान घालवले, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. शेजारणीने वर पाहिलं, मग तिच्या शेजारणीने. सगळी रांग काचेकडे बघत होती.

संध्याकाळी माग बंद करून खात्यातच सभा झाली. भाषणराव तासभर त्यागावर बोलला. "त्याग घरापासून सुरू होतो. माझी आईसारखी मावशी..." इथे त्याने डोळेही पुसले. "साठ जणी कमी करायचा हा करार मान्य असेल त्यांनी हात वर करा!"

सगळ्या बायका मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

"ऐकू आलं नाही का?" तो खेकसला.

मावशी उठली. बहिऱ्या माणसाच्या नको तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आम्हाला कुठलं ऐकू येतंय, बाबा? दुपारी काचेतून दिसलं."

भाषणरावाने वर काचेकडे पाहिलं आणि घाईघाईने तोंडावर हात धरला.