पिशवीतला कोरा दगड

दोन हजार दोन साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. तो हिवाळा मी शिकागोला मुलाकडे काढला, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत. शाळा माझी चौथीपर्यंत. पण कोकणातल्या आमच्या ग्रामदेवतेचा मी गुरव, आणि कौल लावण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. बढाई नाही, तसं होतंच.

मुलाची नोकरी आधीच गेली होती. तो सुनेच्या व्हिसावर राहत होता. आता तिलाही कंपनीने महिनाअखेरची नोटीस दिली. म्हणजे दुसरं काम मिळालं नाही तर दोघांनाही गाशा गुंडाळून परत. अशात टेक्सासमधल्या अर्विंगहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि आदल्या संध्याकाळी सूनबाई जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणते, "मी कॅन्सल करते."

कारण काय, तर दगड. ऑफिसातल्या मैत्रिणीने तिला मखमली पिशवी दिली होती. आत बोरांएवढे दगड, त्यांवर रेघोट्या. रून म्हणतात, उत्तरेकडच्या लोकांची जुनी अक्षरं. सोबत पुस्तक. रोज एक दगड काढायचा आणि पुस्तकात अर्थ बघायचा. त्या दिवशी तिच्या हाती कोरा दगड आला. पुस्तकात लिहिलेलं, कोरा म्हणजे नियती, आपण हातपाय हलवायचे नाहीत.

मी म्हटलं, "माझा कौल ती अंधश्रद्धा, आणि हे काय, सायन्स?"

"बाबा, प्लीज. आत्ता नको."

"आत्ता नको तर कधी? विमान सुटल्यावर?"

मुलगा म्हणाला, "यार, तुम्ही दोघं गप्प बसा." गप्प कोण बसतो!

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची म्हातारी आली. तिचे आजोबा स्वीडनच्या डोंगराळ भागातले. मला इंग्रजी येत नाही, तिला मराठी नाही, पण रोज संध्याकाळी माझ्या हातचा आल्याचा चहा प्यायला यायची. तिने दगड पाहिले, नाक मुरडलं, आणि गुडघे धरत खाली जाऊन एक वाढायचा लाकडी डाव घेऊन आली. दांड्यावर तशाच रेघोट्या. तिचं बोलणं सूनबाईलाच मला मराठीत सांगावं लागलं, तोंड पाडून.

म्हातारी म्हणाली, "हा माझ्या पणजीचा. आमच्या खोऱ्यात ही अक्षरं फार उशिरापर्यंत चालायची. यावर तिचं नाव आहे, आणि लिहिलंय की उन्हाळ्यात ती डोंगरावरच्या कुरणात गाई राखत होती. बस. नशीब-बिशीब काही नाही."

सूनबाईने विचारलं, "पण पुस्तकात आहे, तुमच्या जुन्या देवाने झाडाला लटकून ही अक्षरं मिळवली ना?"

"ती कथा जुनीच आहे. मंत्रतंत्रालाही कोणी कोरत असतील. शिवाय दोन हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडचे लोक फळझाडाची फांदी तोडून तुकड्यांवर खुणा करायचे, पांढऱ्या कापडावर टाकायचे आणि देवाचं नाव घेऊन तीन उचलायचे, असं त्या काळच्या एका रोमन माणसाने लिहून ठेवलंय. खुणा हीच अक्षरं होती का, कुणाला ठाऊक! पण कोरा दगड जुना नाही. तो अलीकडे पुस्तकवाल्यांनी घातला. आमच्याकडे बिनखुणेचा तुकडा चुलीत जायचा."

मी सूनबाईला विचारायला लावलं, "देवाने नाही म्हटलं तर?"

"त्या दिवशी पुन्हा विचारायचं नाही."

मी मांडीवर थाप मारली. अगदी आमच्यासारखं! आम्ही ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कधी एकही पडत नाही. तेव्हा देव गप्प आहे एवढंच समजायचं. गप्प म्हणजे नाही, असं आमच्या बापजाद्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सुनेला हे सांगितलं तशी ती एकदम म्हणाली, "मग बाबा, तुम्हीच लावा कौल. घरात गणपती आहे, फुलं आणते."

खरं सांगतो, हात शिवशिवले. सहा महिन्यांत त्या घरात मला कोणी पहिल्यांदाच गुरव म्हणून विचारत होतं. पण मी म्हटलं, "नाही. कौल देवाच्या जागेवर लागतो, गाव समोर बसवून. इथे लावला तर तुझ्या पिशवीत आणि माझ्यात फरक काय? गाऱ्हाणं मात्र कुठूनही घालता येतं."

आणि घातलं. सगळ्यांना उभं केलं, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां परमुलखात इली हत. ही सून उद्या कामाच्या सोधात जाता हा. काय आडवां इलां तर तां दूर कर, आणि तिचां काम होऊ दी रे म्हाराजा!"

मुलगा ओरडला, "होय म्हाराजा!" म्हातारीनेही ओरडून घेतलं, "होई माराजा!" सूनबाईला हसू फुटलं. नोटीस आल्यापासून पहिल्यांदा. पण जाते म्हणाली नाही. "बघते सकाळी," म्हणाली.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. मुलाचा जाड कोट चढवला, कानटोपी घातली, खाली जाऊन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला, आणि दार उघडून मागच्या सीटवर बसून राहिलो, ती बॅग घेऊन खाली येईपर्यंत.