दूध कोणी उकळायचं

माझं शिक्षण, नोकरी, बढत्या, सगळं विषमता या एका विषयावर झालं. घर भाड्यानं देताना मालक जात कशी काढून घेतात, यावर मी म्हैसूरमध्ये बरीच वर्षं काम केलं. सरळ कोणी विचारत नाही. आधी गाव विचारतात, मग गावातली गल्ली. गल्ली कळली की पुढचं विचारावं लागत नाही.

माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीला शहराबाहेर येलवाल गावातल्या घरात लिहायला जागा नव्हती. यंदा प्रबंध संपला नाही, तर वडिलांनी बघून ठेवलेली कडकोळच्या कारखान्यातली नोकरी धरायची, असं घरी ठरलेलं. म्हणून मी तिला घेऊन कुवेंपुनगरात एक खोली बघायला गेले. मालकीणबाई पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, पण मराठी. मी साताऱ्याची म्हटल्यावर खूश झाल्या, दोघींना कॉफी दिली. मग मुलीला कन्नडमध्ये गाव विचारलं. गल्ली विचारली. तिनं सांगितली.

बाईंनी कप उचलले आणि मला आत बोलावलं. इकडे नव्या घरात शिरताना भाडेकरू आधी दूध उकळून उतू घालवतो.

"दूध तुमीच उकळा अक्का," त्या म्हणाल्या. "करार पण तुमच्याच नावानं करू. मग ती सुम्ने, अशीच येऊन राहू दे. पोरगी चांगली आहे हो, पण शेजारी विचारले तर मी काय सांगू?"

मला ते चाललं असतं. आधी खोली ताब्यात घ्यावी, भांडण नंतर. बाहेर येऊन मी मुलीला तसंच सांगितलं.

"मॅडम, हे तुमच्या पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात आहे," ती हसून म्हणाली.

मग माझ्या घरी राहा म्हटलं. एक खोली रिकामीच असते.

"तुमच्याकडे मी पाहुणी होईन. मला भाडेकरू व्हायचं होतं."

बस आली, ती गेली. पुढच्या महिन्यात कडकोळला रुजू झाली. प्रबंध अर्ध्यावर राहिला. मी दोनदा फोन केला. तिनं माझ्या तब्येतीची चौकशी केली.

विभागात हे सांगितलं, तर एक सहकारी म्हणाले, यावर चांगला लेख होईल.

होईल. आजवर प्रत्येक वेळी झालाच आहे.