सहाचं जेवण आणि साडेनऊचे बोंबील

गुडघ्याच्या डॉक्टरने माझा एक्स-रे दिव्यावर लावून बघितला, मग मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "आजी, ब्याऐंशी किलो. शहात्तर करून या, मग ऑपरेशनचं बोलू. चार महिने देतो."

मी म्हटलं, दुखतोय गुडघा, त्यात पोटाला कशाला ओढता? तो म्हणाला, "नवीन गुडघा बसवला तरी त्याच्यावर हेच ओझं पडणार ना?" शेवटचा शब्द त्याचा झाला. एरवी तो मी कोणाला देत नाही.

ऑपरेशन मला हवंच होतं. आम्ही नवघरला दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दोन वर्षं मी महिन्यातून एकदा खाली उतरते, तेही कठडा धरून, खेकड्यासारखी आडवी. त्यामुळे घरातली मासळी सून आणते. सून चांगली आहे, पण घाटावरची आहे. ती मासेवालीला विचारते, "ताजी आहे ना?" मासेवाली कधी नाही म्हणेल का? मला माझ्या पायांनी बाजारात जायचं होतं, कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघायचं होतं आणि भाव पाडताना दोन शिव्या द्यायच्या होत्या. माझ्या वयाच्या बायका देवाला जायचंय म्हणून गुडघे बदलतात. मला पापलेटाचा कल्ला बघायचा होता. आता आहे ते आहे.

डॉक्टरने डाएटवाल्या बाईकडे पाठवलं. नातीच्या वयाची पोर. दिवसाला बाराशे कॅलरी, असं तिने कागदावर लिहून दिलं. मी चौथी शिकलेली, आकडा वाचता येतो, पण कॅलरी दिसत नाही, हाताला लागत नाही, तिचा वास येत नाही, म्हणून तिच्यावर माझा विश्वास बसेना. सुनेने मोबाइलमध्ये काहीतरी घेतलं. मी काय खाल्लं ते सांगायचं, ती भरायची, मोबाइल बेरीज करायचा. बेरीज हिरवी आली की बरं, लाल आली की वाईट.

हिरवी कशी आणायची ते मी आठ दिवसांत शिकले. सकाळी चहा आणि दोन मारी बिस्किटं. दुपारी वाटीभर डाळ, काकडी. संध्याकाळपर्यंत मोबाइल हिरवागार. सून म्हणायची, "आई, किती कंट्रोल आहे तुमचा!" मी मान खाली घालून ऐकायचे, नव्या नवरीसारखी.

पण संध्याकाळ झाली की पोटात काहीतरी उठून बसायचं. तरुणपणी मी मिठागरावर होते. उन्हात दिवस नुसतं पाणी पिऊन काढायचा आणि घरी येऊन रात्री पोटभर जेवायचं, ही तेव्हाची रीत. मिठागर सुटून जमाना झाला, पोटाला कोणी कळवलं नाही. सहा वाजता भूक लागायची, ती मुलगा दहाला कामावरून येईपर्यंत वाढत जायची. मग सगळ्यांबरोबर एक भाकरी. सुनेने भरलं, "एक भाकरी". माझ्या भाकरीला तवा पुरत नाही, ती कडेने बाहेर येते, हे मोबाइलला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

पहिल्या महिन्याला अर्धा किलो वाढलं.

डाएटवाली पोर म्हणाली, "आजी, रात्रीचं काही खाता का?"

"न्हाय," मी म्हटलं. खाणं सुरू होतंच. चिवडा, खारी, नातवासाठी आणलेली चिक्की. पण विचारायची ही काय पद्धत?

आमच्या समोरच्या दारात एक गुजराती जैन बाई राहते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, काडीसारखी बारीक, वरचे मजले चढून गच्चीवर पापड वाळत घालते. मी तिला बेन म्हणते, ती मला ताई म्हणते. सूर्य मावळायच्या आत ती जेवून घेते आणि मग सकाळपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही. याला ते चोविहार म्हणतात. वीस वर्षं मी हे बघत होते, पण डॉक्टरने काट्यावर उभं केल्यावर मला त्यात पहिल्यांदा वजन उतरवायची वाट दिसली.

मी तिला म्हटलं, "बेन, मी पण आजपासून संध्याकाळनंतर बंद."

मला वजनाचं म्हणायचं होतं. तिने दोन्ही हात जोडले. "ताई! बहोत पुण्य का काम!"

तेव्हाच सांगायला हवं होतं की यात पुण्य काही नाही, यात डॉक्टर आहे. पण माझ्या जेवणाला आयुष्यात कोणी हात जोडले नव्हते. मीही हात जोडले.

चार दिवसांत इमारतभर झालं. खालच्या दोघी मुद्दाम वर येऊन भेटून गेल्या. "इस उमर में, ताई, और आपके यहाँ तो मच्छी-वच्छी..." सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको जिन्यात बाजूला होऊन उभी राहिली. मी नमस्कार घेतले. रात्रीची बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्यायची तर स्वयंपाकघरात दिवा लावत नव्हते, समोरून कोणी बघेल म्हणून.

सहा वाजले की आमचं जेवण. ती माझ्याकडे जेवत नाही आणि ते बरोबरच आहे, माझ्या भांड्यांनी काय काय बघितलंय. ती तिच्या दारात खुर्ची टाकायची, मी माझ्या दारात, मधे पॅसेज. तिच्या ताटात रोटली, दाळ, भात, भाजी, ताक. माझ्या ताटात भाकरी आणि दुधी. दार उघडं, समोर ती, त्यामुळे मासळीचं ताट बाहेर आणायची लाज वाटायची. दुधी खाऊन मी ढेकर द्यायचे, खोटा.

आणि मासळीची भूक साडेनऊला यायची.

सून नऊ ते दहा खाली चालायला जाते, तिला तिचं वजन आहे. नातू त्या वेळी कानात मोबाइलची बोंडं घालून अभ्यास करतो. म्हणजे स्वयंपाकघर माझं. सुके बोंबील बरणीत असायचे. दोन काढायचे, गॅसवर भाजायचे, कुटून वर जरा तेल, आणि दुपारची लपवलेली अर्धी भाकरी. कधी पाऊण. एक्झॉस्ट पंखा लावायचा, वास बाहेर. मग तोंड धुऊन देवापुढे अगरबत्ती लावायची. सून वर आली की म्हणायची, "आई, रात्रीची अगरबत्ती का?" मी म्हणायचे, "मनाला बरं वाटतं." हे मात्र खोटं नव्हतं.

दुसऱ्या महिन्याला काटा जिथल्या तिथे. तिसऱ्याला दोनशे ग्रॅम कमी. डाएटवाली पोर माझ्याकडे बघत राहिली, मी भिंतीवरच्या फळांच्या चित्राकडे. डॉक्टरने दिलेल्या मुदतीतला एकच महिना राहिला होता. घरी येताना जिन्यात तीनदा बसले आणि मनात आलं, आता हा जिना आपल्याला असाच जन्माला पुरणार.

त्याच आठवड्यात भावकीत हळद होती. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, रात्रभर मटण आणि गाणी. घरातले सगळे गेले. मला नेता येईना, मी एकटी. सहाला बेनबरोबर दुधी खाल्ला. नऊ वाजल्यापासून मैदानावरून ढोल ऐकू येत होता आणि मी मनातल्या मनात पंगती मोजत होते. आज कोणी वर येणार नव्हतं, घाई नव्हती. दोनाच्या जागी सहा बोंबील काढले. चार भाजून घेतले, दोन जाळीवर ठेवले आणि एक हातात घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसले. मालिकेत सासू सुनेला घराबाहेर काढत होती. मी जाळी विसरले.

बेल वाजली. मी उठून दारापर्यंत पोचेपर्यंत तीनदा वाजली. दार उघडलं तर बेन, घाबरलेली.

"ताई, कुछ जल रहा है! आप अकेली, पैर का ठिकाना नहीं, मैं डर गई!"

"न्हाय, काय न्हाय," मी म्हटलं. तोंडात घास होता आणि हातात बोंबलाचं शेपूट.

तिने पदर नाकाला लावला, मला बाजूला करून सरळ आत गेली आणि गॅस बंद केला. खिडकी उघडली. जाळीवर दोन कोळसे होते. ओट्यावरच्या ताटाकडे तिने बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "बेन, आज जरा..."

"आज?" ती म्हणाली. "ताई, ये बास रोज साढ़े नौ को आती है. आपका पंखा मेरी रसोई की खिड़की के सामने है. ये आती है तो मैं समझती हूँ, आपकी बहू चलने गई."

मी खाली बसले. "मंग बोलली का न्हाय?"

"मैं क्यों बोलूँ? व्रत आपका. सब आपको हाथ जोड़ते हैं, आप खुश होती हो. मैंने सोचा, बुढ़ापे में खुश है, रहने दो."

एवढं लागट मला माझ्या सासूनेही कधी सुनावलं नव्हतं, आणि हिने ते प्रेमाने सुनावलं. मग मी तिला सगळं सांगितलं. व्रत नाही, वजन आहे. महिना उरलाय. कमी झालं नाही तर डॉक्टर हात लावणार नाही आणि मी या जिन्यावर मरणार.

ती खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसली, पदर नाकालाच. "दिन में क्या खाती हो?"

मी सांगितलं. चहा, मारी, डाळ, काकडी.

"तो दिनभर उपवास करती हो!" ती ओरडलीच. "फिर रात को भूख का क्या कसूर? मैं सुबह पेट भर के खाती हूँ, दोपहर को खाती हूँ, चार बजे खाती हूँ. तब जाके शाम को छूटता है. और सुनो, शादी के पहले साल मैं भी छूट नहीं पाती थी. सास सो जाए, तब रसोई में खड़ी होके गुड़ खाती थी."

"मंग पाप?"

"पाप तो लगा होगा," ती म्हणाली. "दाँत भी सड़ा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला समोर बसवून सांगितलं. आधी ती खूप हसली. "मला वाटलं तुम्ही देवाच्या नादी लागलात! रोज अगरबत्ती!" मग तिचा चेहरा बदलला. "म्हणजे आई, तीन महिने मी मोबाइलमध्ये खोटं भरतेय? रात्री पाय मी चेपते तुमचे." हे मला बोंबलाच्या काट्यासारखं लागलं. मी सॉरी म्हटलं नाही, आमच्या तोंडाला ती सवय नाही. भाकरी थापली, शेजारी मोबाइल ठेवायला सांगितला आणि म्हटलं, "काढ फोटो. किती मोठी हाय ते दाखव तुझ्या त्या पोरीला."

डाएटवाल्या पोरीने फोटो बघून सांगितलं की ही एक नाही, अडीच भाकऱ्या आहेत. आणि मग म्हणाली, "पण आजी, बोंबील बंद करा असं मी कुठे सांगितलं? दुपारी खा. बीपी आहे, तर भिजवून मीठ धुऊन टाका. तेल नको." कोणी न घातलेली बंदी मी दोन महिने अंधारात मोडत होते.

तेव्हापासून सकाळी नऊला अंडं आणि लहान भाकरी, दुपारी मासळी, चारला मूठभर चणे. सहाला दारात बेनबरोबर भाजी-भाकरी, ते मी सोडलं नाही. नऊला फारच झालं तर पेलाभर पातळ ताक, दिवा लावून. इमारतीत मीच सांगितलं की माझं चोविहार सुटलं. सेक्रेटरीच्या बायकोने जिन्यात बाजूला होणं बंद केलं.

भूक गेली असं मी म्हणणार नाही. ती येते, पण पूर्वी दार तोडायची, आता बाहेर उभी राहून खोकते.

महिन्याने एकोणऐंशी झाले. डॉक्टरने आणखी दोन महिने दिले. परवा काट्यावर उभी राहिले, तर शहात्तर आणि वर चारशे ग्रॅम. मी म्हटलं, "वरचं लुगड्याचं धरा." त्याने हसून उजव्या गुडघ्याची तारीख दिली. डाव्यासाठी आणखी तीन किलो मागतो. मी म्हटलं, आधी एक बसवून दाखवा.

सिस्टरने कागद समजावला. सकाळी सहाला यायचं. आदल्या रात्री दहानंतर काही खायचं नाही, खाल्लं तर ऑपरेशन रद्द. "जमेल ना आजी?"

सून छताकडे बघायला लागली. मी कागद घडी करून पिशवीत टाकला. रिक्षात बसल्यावर सुनेला म्हटलं, "त्या रात्री चिवडा, खारी, गूळ, सगळे डबे बेनकडे नेऊन ठेव."

"आणि बोंबलांची बरणी? ती त्यांच्या घरात कशी चालेल?"

"ती तू उशाशी घेऊन झोप," मी म्हटलं. "आणि मी मागितली तर देऊ नको. कितीही शिव्या दिल्या तरी."