ढगाला भिणारे उन्हाळेकाका

दुष्काळात अख्खं उदगीर ढगाची वाट बघायचं आणि आमच्या शेजारचे उन्हाळेकाका ढगाला भ्यायचे. सकाळी दात घासतानाच ते भिंतीपलीकडून आईला विचारत, "वहिनी, ढग दिसतोय का हो कुठं?" "कुठला आलाय मेला!" आई वैतागून म्हणायची. तेवढ्यानं त्यांच्या जिवात जीव यायचा.

काका मूळचे कोकणातले. दमा लहानपणापासूनचा. तिकडच्या दमट हवेत दर पावसाळ्यात मरता मरता वाचायचे. डॉक्टर म्हणाले, कोरड्या, उन्हाच्या मुलखात राहा, तरच जगाल. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. इकडं यायला कचेरीतलं कुणी तयार होईना, तेव्हा यांनी बदली मागून घेतली. "काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखे लोक निरोप द्यायला आले होते!" हे सांगताना ते हसायचे. अंगणात बाज टाकून उन्हाला पाठ द्यायची, हाच त्यांचा दवाखाना. म्हणून आम्ही पोरींनी त्यांना उन्हाळेकाका केलं.

त्या वर्षी गल्लीतली विहीर आटली. काका मला म्हणाले, "माझ्या श्वासापायी तुम्ही तहानेनं मरायचं का, पोरी? पण भीती वाटते गं."

मग धोंडी निघाली. अंगाला लिंबाचा पाला बांधलेला गडी दारोदार फिरतो आणि पाऊस यावा म्हणून प्रत्येक घर त्याच्या डोक्यावर पाणी ओततं. काकांचं दार आलं. कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या, सायबाला सोसत न्हाई." काका उठले. घरात एकच घागर भरलेली होती. ती त्यांनी सगळी ओतली. काकू तोंडात पदर धरून उभ्या.

"अवं, जरासं ओतायचं की!" आई ओरडली.

"थोडं ओतून देवाला फसवू, वहिनी?"

पाऊस आला आणि थांबेचना. पोरं नाचत होती, मी भिंतीला कान लावून बसले होते. पलीकडं त्यांच्या छातीचा भाता वाजत होता. दुपारी तो आवाज बारीक झाला आणि मी धावत गेले. काका ओणवे बसलेले, ओठ निळे. काकू रिक्षा आणायला गेल्या होत्या. मला बघून त्यांनी कसंबसं विचारलं, "विहिरीला... पाणी आलं?"

"हाव काका, लई आलं."

त्यांनी मान हलवली. दवाखान्यापर्यंत ते पोचले नाहीत.

अजूनही आभाळ भरून आलं की मी दचकते. "पाऊस हाय गं, वाघ न्हाई," आई म्हणते, आणि स्वतःच जाऊन भिंतीला कान लावते.